प्रकल्प कोण पाहणार?

मार्च-एप्रिल आला की पुण्यातल्या कॉलेजांच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी दिसतात. काळं रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, पाच प्रकरणं आणि संदर्भसूची. मुलं त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. सबमिशन होतं, व्हायवा होते, एक्स्टर्नल परीक्षक सही करतात आणि पुस्तक विभागाच्या कपाटात जातं. पुढच्या वर्षीची मुलं ते बाहेर काढतात ती बहुधा मार्जिन किती सोडायचा हे बघायला.

याच शहरात पदवीच्या मुलांनी उपग्रह बनवला, पक्ष्यांच्या वर्तनावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून येईल असं काम केलं आणि मराठी रंगभूमीला लेखक-नट दिले. एकाच वयाची आणि साधारण सारख्याच शाळांतून आलेली ही मुलं. मग एकाचं काम कपाटात का जातं आणि दुसऱ्याचं जगासमोर का येतं? हुशारी, पैसा, प्रयोगशाळा ही नेहमीची उत्तरं अपुरी आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी, वस्त्र आणि कला ही क्षेत्रं शेजारी ठेवून पाहिली तर वेगळंच कारण पुढे येतं. मार्क देणाऱ्याखेरीज आणखी कोणीतरी काम पाहणार आहे आणि ते नाकारलंही जाऊ शकतं, हे जिथे मुलांना ठाऊक असतं तिथे ते जीव तोडून करतात.

एक जुनं बक्षीस

पदवीच्या विद्यार्थ्यानं स्वतंत्र संशोधन करावं ही कल्पना पुण्याला नवीन नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. ते परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हतं, स्वतंत्र गणिती कामासाठी होतं. कापरेकरांनी पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतलं नाही. देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलं आणि आकड्यांशी खेळणं सोडलं नाही. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेला ६१७४ हा स्थिरांक आज जगभरच्या गणितप्रेमींना माहीत आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करावी आणि उत्तराला पुन्हा तेच करावं. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथे गाडी थांबते आणि पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च येतं.

या कामाला कागद-पेन्सिल पुरली. पण विद्यार्थ्याचं स्वतःचं काम वेगळं काढून बघणारं, त्याला दाद देणारं कोणीतरी कॉलेजच्या वयातच भेटलं होतं, हे विसरता येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याची योजना सुरू केली ती १९६९ मध्ये. जगभरच्या विद्यापीठांनी तिचा कित्ता गिरवला. आपल्याकडे बक्षीस आधी आलं आणि व्यवस्था मात्र फार उशिरा.

विज्ञान: प्रश्न स्वस्त, सवय महाग

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, आयुका, एनसीआरए आणि २००६ पासून आयसर. इतक्या संशोधन संस्था एका शहरात असणं ही चैन देशात फार थोड्या गावांना परवडते. आयसरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष प्रबंधाला दिलेलं असतं आणि ते प्रबंध संस्थेच्या डिजिटल भांडारात ठेवले जातात. आयुका आणि एनसीआरए सुट्टीत विद्यार्थ्यांना बोलावतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा २००४ पासूनचा पदवी-विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रमही आहे. पण या दारांतून आत जाणारी मुलं मोजकी. या संस्थांपासून चार-पाच मैलांवरच्या संलग्न कॉलेजातल्या बीएस्सीच्या मुलाला ही दारं आहेत हेच पुष्कळदा ठाऊक नसतं.

म्हणून आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं काम पुन्हा पुन्हा आठवावं असं आहे. मिलिंद वाटवे तिथे शिकवत असताना त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन वेड्या राघूवर प्रयोग केले. तो निबंध २००२ मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात आला. प्रश्न असा: भक्षकाला आपलं घरटं दिसतंय की नाही, हे या पक्ष्याला कळतं का? वेडा राघू मातीत बीळ करून अंडी घालतो. शत्रू जवळ असला की बिळात शिरायचं टाळतो, कारण शिरला की पत्ता फुटला. प्रयोगात शत्रू म्हणून माणूसच उभा केला. एकदा बीळ दिसेल अशा जागी, एकदा साधारण तेवढ्याच अंतरावर पण बीळ आडोशाला जाईल अशा जागी. मग फक्त मोजायचं, की पक्षी किती वेळा आत शिरतो. बीळ दिसणाऱ्या जागी माणूस असला तर पक्षी कमी वेळा शिरला. अंतर तेच, फरक फक्त समोरच्याला काय दिसतं याचा. दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची ही क्षमता मुख्यतः माकडांच्या कुळातच शोधली जात होती, म्हणून या निष्कर्षाची चर्चा झाली.

या प्रयोगाचा खर्च किती? वेळ, वही आणि उन्हात उभं राहण्याची तयारी. याच विभागातून २००१ मध्ये आणखी एक निबंध निघाला. स्ट्रेप्टोमायसिस या एका प्रजातीच्या जिवाणूंकडून एकूण किती प्रतिजैविकं मिळू शकतील, याचा तो गणिती अंदाज होता. उत्तर लाखाच्या घरातलं आलं, आणि त्यातला अगदी थोडा अंश आजवर हाती लागला आहे असा त्याचा अर्थ. जगभरच्या संशोधकांनी हा निबंध उद्धृत केला. पदवीच्या कॉलेजात ‘इन्स्ट्रुमेंट नाही’ ही सबब किती पातळ आहे हे या दोन कामांनी दाखवून दिलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. अशी कामं एखाद्या शिक्षकाभोवती उभी राहतात आणि तो शिक्षक गेला की थंडावतात. राज्यपालांच्या पुढाकारानं २००६ पासून भरणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवानं पदवीच्या मुलांना स्वतंत्र गट दिला, मानव्यविद्या आणि ललित कलांपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्या शाखा एका छताखाली आणल्या, पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी परीक्षकाला उत्तरं द्यायची सवय लावली. हे मोठंच काम. मात्र पोस्टर उतरलं की विषय मिटला, असंही तिथे सर्रास होतं. गेल्या वर्षी कोणी काय केलं, कुठे अडलं, हे या वर्षीच्या मुलाला सांगणारं कोणी नसतं.

अभियांत्रिकी: आठ वर्षांचा रिले

वारसा कसा चालवायचा याचा धडा कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे म्हणजे सीओईपीनं दिला. १८५४ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास एक छोटा उपग्रह बांधायला घेतला. ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या यानानं अवकाशात गेला. त्या दिवशी एकाच उड्डाणात २० उपग्रह सोडले गेले आणि त्यांतला हा वजनानं साधारण एक किलोचा. दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, काम एका जागेवरून दुसऱ्या जागेला छोटे संदेश पोचवण्याचं. त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे दिशा राखण्याची पद्धत. मोटर नाही, वीज खर्च नाही. आत कायमचे चुंबक आणि डोलणं शोषून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेत उपग्रह आपोआप सरळ होतो.

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची आणि हे काम आठ वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिला आराखडा काढला ते उड्डाणाच्या दिवशी नोकरीत होते आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला ते सुरुवातीला शाळेत होते. मधल्या प्रत्येक तुकडीनं आधीच्यांची कागदपत्रं वाचली, त्यांच्या चुका ओलांडल्या आणि स्वतःच्या चुका नोंदवून ठेवल्या. त्याशिवाय हे जमलंच नसतं. शिवाय समोर इस्रो होती. तिच्या चाचण्यांत कंपनाला, उष्णतेला, निर्वाताला टिकलं नाही तर ‘चांगला प्रयत्न’ म्हणून कोणी यानावर चढवून घेत नाही.

त्याच शहरात बीईचा तयार प्रोजेक्ट विकत मिळतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. सर्किट, कोड, रिपोर्ट आणि व्हायवाला विचारले जाणारे प्रश्न, असं पॅकेज. चॅटजीपीटी आल्यापासून रिपोर्टचा भाग तर फुकटच झाला. मुलांना दोष देणं सोपं आहे. पण जे काम मार्गदर्शक आणि एक्स्टर्नल यांच्यापलीकडे कोणी वाचणार नाही आणि ज्यात नापास होणं जवळपास अशक्य आहे, ते विकत घेण्यात मुलांना वावगं वाटत नाही. उपग्रह कोणी विकत आणत नाही.

वस्त्र आणि फॅशन: रंग पक्का आहे का?

फॅशनच्या शिक्षणाकडे ‘रॅम्पवर चालणं’ म्हणून पाहण्याची सवय आता तरी मोडायला हवी. पुण्यात याचे दोन प्रवाह आहेत. एक गृहविज्ञानातून आलेला. एसएनडीटीच्या कर्वे रस्त्यावरच्या आवारात वस्त्रशास्त्र शिकवलं जातं ते धागा, विणकाम, रंग, धुलाई या अंगानं. दुसरा डिझाइन संस्थांचा. विमाननगरची सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन २००४ ची, लोणी काळभोरची एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन २००६ ची. इथे मूडबोर्ड, ड्रेपिंग, पॅटर्न, मांजरपाटावर शिवलेला कच्चा नमुना, ज्युरी आणि शेवटी ग्रॅज्युएशन कलेक्शन. पहिल्या प्रवाहाला मोजमाप येतं, दुसऱ्याला सादरीकरण. दोघे एकमेकांच्या दारात फारसे जात नाहीत.

निर्माल्यातल्या झेंडूपासून रंग काढणं हा अशा विभागांचा लाडका विषय. पुण्यात गणपतीनंतर फुलांना तोटा नसतो. पाकळ्या सावलीत वाळवायच्या, पाण्यात उकळून गाळायच्या. सुती कापड रंग सहज धरत नाही म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग तुरटी द्यायची. तुरटीनं चकचकीत पिवळा येतो आणि हिराकस टाकली तर तोच रंग शेवाळी होतो. इथपर्यंत सगळ्यांचं काम छान होतं. वहीत कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवले जातात, फोटो येतात, ‘पर्यावरणपूरक’ असा निष्कर्ष निघतो.

संशोधन खरं तर इथून पुढे सुरू होतं. हा रंग धुण्यात किती टिकतो? त्याची १ ते ५ अशी पट्टी असते. उन्हात किती टिकतो? त्याची १ ते ८. झेंडूच्या पिवळ्याची खरी परीक्षा उन्हात आहे आणि हळदीचा रंग तर त्या परीक्षेत हमखास पडतो. प्रकाशाच्या चाचणीचं यंत्र नसेल तर गच्चीवर कापडाचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवावा. बाजारातल्या रंगाचा तुकडा शेजारी ठेवावा आणि रोज त्याच वेळी नोंद करावी. शेजारच्या इमारतीत रसायनशास्त्राचा विभाग असतो. त्यांच्या मुलांना हे काम जोडीनं करता येईल. तिसऱ्या धुण्याला रंग गेला, असं निघालं तर तोही निष्कर्षच. पण ‘रंग टिकला नाही’ असं लिहिलेलं ब्लॅक बुक फारसं दिसत नाही, कारण मार्क कमी पडतील ही भीती.

पुण्याकडे वस्त्राचे स्वतःचे प्रश्नही आहेत, आणि ते परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. शिवलेल्या नऊवारीचंच घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, मूळ नेसण्यात एक कात्री न लावता अंगाला बसणारं. ते शिवून तयार द्यायचं, कासोटा सुटू द्यायचा नाही, वेगवेगळ्या बांध्यांना बसवायचं आणि वर ती नेसून ढोल वाजवता यायला हवा, दुचाकीही चालवता यायला हवी. हे कोडं गावोगावच्या शिंप्यांनी अनुभवानं सोडवलं आहे. त्यांची मापं, त्यांच्या युक्त्या नीट नोंदवून, ढोलपथकातल्या मुलींना घालायला देऊन, कुठे काचतं, कुठे उसवतं याचा हिशेब मांडला तर तो फॅशनचा अस्सल प्रबंध होईल. मिरवणुकीतले चार-पाच तास त्याची ज्युरी करतील.

हस्तकलांच्या नोंदींबाबत मात्र एक जुनं दुखणं आहे. कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीनं तांब्यावर मठारकाम करणारे कारागीर आहेत. वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुढाकारानं त्यांना आणि डिझायनरना जोडण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून नव्या वस्तू बाजारात आल्या. हा चांगला शेवट. पण विद्यार्थ्यांच्या बहुतेक नोंदी अशा शेवटापर्यंत जात नाहीत. मुलं येतात, फोटो काढतात, प्रश्न विचारतात. सादरीकरण इंग्रजीत आणि कॉलेजात होतं. ज्याच्या कामावर ते उभं असतं त्या कारागिरापुढे ते मराठीत वाचून दाखवायचं, अशी एक अट घातली तर निम्म्या चुका तिथेच सापडतील.

कला: नकाराची परंपरा

कलेच्या बाबतीत पुण्याला विज्ञानापेक्षा जास्त काही शिकवता येईल. अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांतल्या मुलांना राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग आहे, शहरात लहानमोठी कलादालनं आहेत. काम भिंतीवर लागतं, लोक येतात, काही न बोलता पुढे जातात. हेही परीक्षणच असतं.

पण खरी शाळा ‘पुरुषोत्तम’. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरत नाट्य मंदिरात भरते. ऑगस्ट उजाडला की कॉलेजांच्या जिन्याखाली, पार्किंगमध्ये, रिकाम्या वर्गांत तालमी सुरू होतात. संहिता मुलांचीच, दिग्दर्शन मुलांचंच. प्रेक्षागृहात ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्या देणारे प्रतिस्पर्धी बसलेले असतात आणि नाटक पडलं तर ते लपत नाही. दुसरा ‘फिरोदिया करंडक’. तिथे नाटक, नृत्य, संगीत, चित्र, रांगोळी असं सगळं एकाच सादरीकरणात गुंफायचं. वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र काम करतात ती अशा स्पर्धांत. रंगभूमीवरचे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे बी. जे. मेडिकलचे डॉक्टर, सतीश आळेकर त्याच कॉलेजात जीवरसायनशास्त्रात काम करणारे. पुण्यात प्रयोगशाळा आणि रंगमंच यांच्यात भिंत नव्हती, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

२०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका पुरेशा दर्जाची नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही. केवढी आरडाओरड झाली! मुलांचा हिरमोड, माजी स्पर्धकांचे वाद, वर्तमानपत्रांत पत्रं. निर्णय बरोबर होता की चूक यावर दोन मतं असू शकतात. पण पदवीच्या मुलांचं काम इतकं गांभीर्यानं घेतलं गेलं, की ते नाकारल्यावर शहरभर चर्चा झाली, हे लक्षात घेण्याजोगं आहे. यंदा एकही प्रबंध पुरेसा नाही, असं एखाद्या विज्ञान विभागानं जाहीर केल्याचं कधी ऐकलंय?

काम लोकांसमोर नेण्याची किंमतही असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक प्रयोग धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून बंद पाडला गेला आणि केंद्रप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. विद्यार्थ्याचं काम चुकू शकतं, ते कोणाला पटणार नाही, त्यावर कडक टीका व्हावी. पण टीका आणि पोलीस ठाणं यांत अंतर राहिलं नाही तर पुढची मुलं कोरे विषय निवडतील. मुलांना लोकांपुढे उभं करायचं तर त्यांच्या मागे संस्थेनंही उभं राहायला हवं.

चौथं वर्ष

पदवीच्या मुलांचं संशोधन आता नियमात येत आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची होऊ शकते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत हा आराखडा २०२३-२४ पासून आला, संलग्न कॉलेजांत त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष २०२६-२७ चं. शिवाय फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभाग, ऑन-जॉब ट्रेनिंग यांची क्रेडिट पदवीच्या तीन वर्षांतच आली आहेत. आजवर हौसेनं किंवा एखाद्या शिक्षकाच्या ध्यासानं होणारं काम आता सर्वांच्या वेळापत्रकात बसवायचं आहे.

अडचण इथेच आहे. एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२ क्रेडिट म्हणजे मुलाचे ३६० तास. शिक्षकाचे किती? कितीतरी विभागांत जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक दिवसाला दोन कॉलेजं करणारे. संशोधनाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक मोजके, आणि एकेकाच्या वाट्याला येणारी मुलं वाढत जाणार. अशा स्थितीत काय होतं हे पीएचडीच्या बाबतीत आपण पाहिलंच आहे. निबंध छापण्याची सक्ती आली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत आलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांचं त्यांनी विश्लेषण केलं, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक शंकास्पद दर्जाची निघाली. हे दुकान पदवीच्या मुलांपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

म्हणून या आढाव्यातून निघणाऱ्या सूचना पैशाच्या कमी आणि शिस्तीच्या जास्त आहेत. प्रत्येक विभागानं आपले पदवीचे प्रकल्प सर्वांना वाचता येतील असे ठेवावेत. फसलेलेही ठेवावेत आणि पुढच्या तुकडीनं त्यांतलाच एक उचलून पुढे न्यावा. ‘स्वयम्’ असाच झाला. व्हायवा टेबलाशी न घेता प्रयोगाशी घ्यावी. मुलानं तेच माप परीक्षकासमोर पुन्हा घेऊन दाखवलं की रिपोर्ट कोणी लिहिला हा प्रश्न मागे पडतो. परीक्षकांत एक माणूस प्राध्यापक नसलेला असावा: रंगाला रंगारी, नऊवारीला शिंपी, पक्ष्याला पक्षीनिरीक्षक. मार्गदर्शनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले जावेत, नाहीतर सगळं ऋणनिर्देशापुरतं राहील. आणि संशोधनाचा ऑनर्स हा सर्वांनी घ्यायचा मान नाही, हे कॉलेजांनी प्रवेशाच्या जाहिरातीतच स्पष्ट सांगावं.

यावर एक आक्षेप येईल: नाकारलं तर मुलं खचतील. काही खचतातही. पण पुरुषोत्तममध्ये पहिल्या फेरीत पडलेली मुलं दुसऱ्या वर्षी नवी संहिता घेऊन येतात. आपलं नाटक का पडलं याबद्दल त्यांच्याशी बोलणारे चार लोक त्यांना मिळालेले असतात. प्रबंध लिहिणाऱ्या मुलाला असं कोणी मिळत नाही. चौथ्या वर्षाचा पहिला अहवाल येईल तेव्हा किती प्रबंध जमा झाले हा आकडा ठळक छापलेला असेल. त्याऐवजी विभागानं किती प्रबंध परत केले आणि त्यांतले किती सुधारून आले, हे विचारावं.